तीन नंबरचा डबा

"साहेब, चोरी झाली. पण गेलं काहीच नाई."

फोनवर गजेंद्र कोत्तावारचं हे वाक्य ऐकून फौजदार प्रभाकरराव भोयरांचं डोकंच फिरलं. एरवी ते हसले असते. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून त्यांना नुकताच आठवडा झाला होता आणि या आठवड्यात ते वर्ध्यातल्या एकाही माणसाकडे पाहून हसले नव्हते.

"काही गेलं नाई, तर चोरी कशाची झाली?"

"एका डब्याची. डबा आमच्याकडंच आहे. पण तो साऱ्या जगात पोचला."

"वरची खोली बंद ठेवा. कोणी आत पाय ठेवू नका. मी येतो."

फोन ठेवताना त्यांचा हात सवयीनं खिशात गेला. खिशात खर्ऱ्याची रिकामी प्लास्टिकची पन्नी होती. ती फेकवत नव्हती, म्हणून तिथंच पडून होती. प्रभाकररावांनी ती चोळली, वास घेतला आणि स्वतःवरच चिडून गाडीला किक मारली.

२००८ सालचा दसरा नुकताच सरला होता. बंडूजी कोत्तावारांच्या किराणा दुकानाच्या दारावर झेंडूचं तोरण वाळून लटकत होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बंडूजींच्या मुलाचं, गजेंद्रचं ऑफिस. गजेंद्र पुण्याची नोकरी सोडून परत आला तेव्हा अख्ख्या बाजारानं त्याला वेड्यात काढलं होतं. आता त्याच्याकडे तीन माणसं कामाला होती आणि त्याचं गिऱ्हाईक लंडनला होतं. काम काय, हे मात्र बंडूजींनाही धड सांगता येत नसे.

"टीव्हीले मशीन जोडून पोरं गेम खेळतेत ना, त्यातलं हाय काहीतरी," ते म्हणायचे.

गजेंद्रनं प्रभाकररावांना दुकानामागच्या गोदामात नेलं. तुरीच्या डाळीची पोती, मिरच्यांचा ठसका. प्रभाकररावांना शिंक आली.

"थोडक्यात सांगा."

"लंडनच्या कंपनीचा मोटारींच्या शर्यतीचा गेम आहे, साहेब. त्याची सीडी दुकानात कधीच आली. पण आजकाल सीडी विकली म्हणजे गेम संपत नाई. नंतर नव्या गाड्या, नवे रस्ते काढतात आणि इंटरनेटवरून विकतात. तो जादा माल डब्यात भरून, तपासून द्यायचं काम आमचं. असा एक डबा अजून विकायला निघायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी तो कोणीतरी फुकट जगासमोर टाकला."

"तुमच्याच ऑफिसातून, हे कशावरून?"

"त्यावर आमच्या तीन नंबरच्या मशीनची खूण आहे." गजेंद्रनं मान खाली घातली. "तीन नंबरवर सपना बसते. सपना थूल, पवनारची."

"मंग झालं की."

"आज संध्याकाळी लंडनचा फोन येणार आहे. त्यांना नाव पाहिजे. मी मेल लिहून ठेवली आहे, नुसती धाडायची राहिली. ती गेली की सपना या धंद्यात पुन्हा कुठंच उभी राहू शकणार नाई."

"मग धाडली काऊन नाई?"

गजेंद्रनं पोत्यावर बोटानं रेघ ओढली.

"मन मानत नाई, साहेब."

प्रभाकररावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मन मानत नाही, हे काही तक्रारीच्या कागदावर लिहिता येत नाही. पण संध्याकाळला अजून अवकाश होता.

"शुक्रवारपासून वर कोण गेलं?"

"मी शुक्रवारी नागपूरला होतो. डब्याची बातमी फोनवर कळली तशी मी ऑफिस बंद करायला सांगितलं. तेव्हापासून कुलूप आहे. पण तोवर चावी जिन्यातल्या खिळ्यावरच असायची. सगळ्यांना माहीत होतं."

"तुम्ही सारे खालीच थांबा. मी एकटा पाहून येतो."

वर दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत एक मोठा संगणक आणि एक मशीन. बाहेरच्या खोलीत तीन टेबलं भिंतीशी खेटून, त्यांवर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या लावलेल्या मशीन. प्रत्येक मशीनच्या डोक्यावर साबणाच्या वडीएवढी हार्ड डिस्क बसवलेली. बाजूचा खटका दाबला की ती निघणार, हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती.

दसऱ्याला इथंही पूजा झाली होती. कोपऱ्यात देवाच्या फोटोसमोर ताटली, ताटलीत कुंकवाची वाटी. मशीनवर टिळे लावलेले होते, तेही बरोबर डिस्कच्या जोडावर, अर्धे डिस्कवर आणि अर्धे मशीनवर.

प्रभाकरराव एका जागी उभे राहू शकत नव्हते. ते खोलीभर फिरले. वाकले. उठले. पुन्हा वाकले.

एक नंबरचा टिळा नीट होता. खाली हळद, वर कुंकू, त्यावर चिकटलेल्या अक्षता. आतल्या खोलीतल्या मशीनवरही तसाच. दोन नंबरचा टिळा एका बाजूनं फिसकटला होता. तीन नंबरवर नुसतं कुंकू होतं, जरा जास्तच लाल. आणि तीन नंबरच्या टेबलाखाली, भिंतीच्या कडेला, झेंडूचं एक वाळलेलं फूल पडलं होतं.

तोरणातलं असेल, असं म्हणून त्यांनी ते तिथंच राहू दिलं. मग खाली येऊन एका पोत्यावर बसले, लगेच उठले आणि पहिल्या माणसाला हाक मारली.

अश्विन डबे भरायचा. चष्मेवाला, सावकाश बोलणारा. त्याच्या सावकाशपणानं प्रभाकररावांच्या पायाला मुंग्या आल्या.

"डबा म्हणजे काय, ते सांग. मले समजन असं."

"दोन डबे असतेत, साहेब. एक अपडेटचा. तो फुकट, सगळ्याइले. त्यात गेमच्या चुका दुरुस्त केल्या असतेत, अन् नवी गाडी आली तर ती वळखायची कशी, तेही असते. दुसरा डबा जादा मालाचा, विकतचा. त्याच्या तोंडावर लेबल असते. चित्र, नाव, कोण्या गेमचा माल हाय, कोणतं अपडेट आधी घ्या लागन, सारं त्याच्यावर. मंग लंडनवाले त्याच्यावर सील मारतेत. आतलं एक अक्षर जरी कोणी बदललं तरी सील फुटते अन् मशीन डबा घेत नाई."

"अन् तीन नंबरची खूण?"

"विकाच्या आधी आम्ही तपासतो, तेव्हा हरेक मशीनसाठी अलग डबा माझ्या संगणकावर येते. तीनचा डबा तीनवरच उघडते."

"मग जगातल्या लोकाइनं कसा उघडला?"

"बाहेर कुलूप फोडलेल्या मशीन असतेत ना साहेब. त्याइले कायचंच बंधन नाई."

"चारही डबे आधी तुझ्याच संगणकावर येतेत. म्हणजे तूही चोर असू शकतो."

अश्विननं चष्मा काढून पुसला. त्याला राग आला नाही.

"मलेही तसंच वाटलं होतं, म्हणून मी आधी तेच पाह्यलं. मशीननं डबा घेतला का ते लेबलच्या बाजूले आपला शेरा मारते, पहिल्यांदा उघडला म्हणून. माझ्या संगणकावरच्या डब्यावर तो शेरा नाई. बाहेर आलेल्या डब्यावर हाय. म्हणजे तो तीन नंबरच्या डिस्कवरूनच गेला. डिस्क काढाची, तार लावाची, दुसऱ्या संगणकावर उतरवाची. चहा पिऊन होईपर्यंत काम होते."

"डबे मशीनवर कधी टाकले?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी. मी लवकर गेलतो. सपना थांबली होती."

"पूजेले कोण कोण होतं?"

"गजेंद्रभाऊ, बंडूजी अन् मी. स्वप्निल आंजीले घरी गेलता. सपना त्या दिवशी नागपूरले असते, दरवर्षी."

बंडूजींना विचारावं लागलंच नाही. ते स्वतःच येऊन उभे राहिले.

"साहेब, ते पोरगी तशी नाई. जिना चढता चढता रोज मले पाणी पाह्यजे का म्हणून विचारते. चोर पाणी विचारते का?"

"विचारतेत, बंडूजी. लय चोर विचारतेत. पूजेचं सांगा."

"पूजा गजूनं केली. मी घंटी वाजवली. मंग हळदीची वाटी अन् अक्षता घेऊन मी खाली आलो. दुकानातल्या वजनकाट्याची पूजा राह्यली होती ना! त्या काट्यावर हे घर उभं राह्यलं, त्याले कसं इसरन? मंग दुकान बंद केलं अन् सोनं वाटाले गेलो सारे."

"दुपारी इथं कोणी नव्हतं?"

"दसऱ्याले कोण राहते जी दुकानात? लोडशेडिंग होतं, लाईनही नव्हती."

सपना आली ती ताठ मानेनं. पंचविशीची असेल. खुर्ची पुढं केली तरी बसली नाही. प्रभाकररावही उभेच होते, तेव्हा दोघं डाळीच्या पोत्यांमध्ये समोरासमोर उभे राहिले.

"बुधवारी सगळ्यात शेवटी तू होती?"

"हो."

"काऊन?"

"मी मुद्दाम जुनी मशीन वापरते, साहेब. अपडेट न घेतलेली. लोकं तसेच असतेत, अपडेट घेत नाईत अन् डबा विकत घेतेत. तेव्हा गेमनं त्याइले नीट सांगाले पाह्यजे का बापा, आधी अपडेट घे. हा डबा काहीच सांगत नव्हता. नुसता काळा पडदा. मी ते लिहून, अश्विनच्या टेबलावर ठेवून गेली."

"दसऱ्याले कुठं होती?"

"दीक्षाभूमीवर. आई, बाबा, आमचं अर्धं पवनार."

"शुक्रवारी सकाळी सगळ्याइच्या आधी कोण आलं?"

"मीच."

"काही वेगळं दिसलं?"

पहिल्यांदाच ती थांबली. तिची नजर जिन्याकडे गेली आणि तिनं ती मुद्दाम परत आणली.

"नाई."

"सपना, आज संध्याकाळी तुझं नाव लंडनले जाणार हाय. हे समजते ना तुले?"

"समजते. पवनारले आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली हाय, साहेब. बाबा साऱ्या गावाले सांगत फिरतेत. उद्या तेच लोकं म्हणतीन, पाहा, संधी भेटली तर चोरी केली. हे माझ्या एकटीच्या नावावर थांबणार नाई. माझ्या मागून येणाऱ्या पोरीलेही तेच ऐका लागन." तिनं मान आणखी ताठ केली. "पण मी घेतलं नाई ते नाई."

"मंग काय दिसलं ते सांग."

"दिसलं ते माझ्या अन् गजेंद्रभाऊच्या मधातलं हाय. त्याचा चोरीशी काई संबंध नाई. त्याइनं शब्द दिलता अन् मोडला. मी विचारणार नाई अन् तुम्हालेही सांगणार नाई."

ती निघून गेली. प्रभाकररावांनी खिशातली पन्नी मुठीत आवळली. बोलणारी माणसं त्यांना परवडायची. गप्प राहणाऱ्यांनी मात्र त्यांचा जीव नेहमीच खाल्ला होता.

शेवटी आला स्वप्निल. नवा पोरगा, गेल्या दिवाळीनंतर कामाला लागलेला. दोन नंबरच्या मशीनवर बसणारा. आल्याआल्या त्यानं प्रभाकररावांना खुर्ची दिली आणि स्वतः पोत्यावर टेकला.

"दसऱ्याले तू कुठं होता?"

"आंजीले, साहेब. घरीच. आदल्या दिवशी संध्याकाळी गेलतो, शुक्रवारी सकाळच्या बसनं आलो."

"तुले काय वाटते, कोणी केलं?"

"मी कोणाचं नाव काऊन घेऊ साहेब? पण तुम्ही मशीनवरचे टिळे पाह्यले का?"

"पाह्यले."

"टिळे डिस्कच्या जोडावर हायेत. पूजेनंतर कोणी डिस्क काढली असती तर टिळा मधातून तुटला असता. तीन नंबरचा टिळा तुटला हाय का?"

"नाई."

"म्हणजे डिस्क पूजेच्या आधीच निघाली. बुधवारीच. अन् बुधवारी शेवटी कोण होतं, ते तुम्हाले माहीत हाय."

प्रभाकररावांनी भुवया उंचावल्या. पोरगं हुशार होतं. टिळ्याचंही सील होऊ शकतं, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"वा! पोलिसात यायला पाह्यजे होतं तू."

स्वप्निल लाजून हसला.

तो गेल्यावर प्रभाकररावांना गप्प बसवेना. गोदामात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या चकरा सुरू झाल्या. सगळं जुळत होतं. सील, शेरा, टिळा, बुधवार. जुळत होतं म्हणूनच ते अस्वस्थ होते. ती पोरगी एवढी चिडली होती कशावर? चोरीचा आळ आल्यावर माणूस रडतो, भांडतो, हातापाया पडतो. ही मात्र शुक्रवार सकाळपासून, डब्याची बातमी यायच्याही आधीपासून, रुसलेली होती.

दुकानात कोणीतरी साखर मागितली. बंडूजींनी वजनकाट्यावर पिशवी ठेवली. काट्याच्या कपाळावर दसऱ्याचा टिळा अजून होता. हळद, कुंकू, अक्षता.

प्रभाकरराव थबकले.

मग ते जिन्याच्या पायऱ्या गाळत वर पळाले. तीन नंबरच्या मशीनपुढं गुडघ्यावर बसून त्यांनी विजेरी लावली आणि टिळ्याकडे बराच वेळ पाहिलं. टेबलाखालचं फूल पाहिलं. दोन नंबरचा फिसकटलेला टिळा पाहिला. खाली येऊन त्यांनी दुकानातून आंजीला एक फोन लावला आणि मग सगळ्यांना वर बोलावलं.

"मशीनपाशी जाऊ नका. दारातच उभे राहा. गजेंद्रभाऊ, दसऱ्याले टिळे कोणी लावले?"

"मीच."

"चारही मशीनले?"

"नाई. तीनच मशीनले." गजेंद्रनं सपनाकडे पाहिलं नाही. "पहिल्याच वर्षी सपना म्हणाली होती, भाऊ, मी हे मानत नाई, माझ्या मशीनची पूजा करू नका. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून तीन नंबरवर टिळा नाई, अक्षता नाई. नुसतं एक फूल ठेवतो. फुलाला ती नाई म्हणत नाई."

"मंग तीन नंबरवर टिळा कसा?"

गजेंद्रनं पुढं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"हा मी नाई लावला."

"तुम्ही नाई लावला?" सपना एकदम म्हणाली. "भाऊ, खरंच तुम्ही नाई लावला?"

"तुला दिलेला शब्द मी मोडीन का?"

"मी शुक्रवारी आली तर टिळा दिसला. मले वाटलं, मी नाई म्हणून मुद्दाम... अन् मंग तुम्हाले तोंड दाखवावंसं वाटेना."

"आणि मला वाटलं, तू नजर चुकवून राहिली म्हणजे..." गजेंद्र म्हणाला.

प्रभाकरराव मशीनपाशी आले. मग खोलीत फेऱ्या मारत बोलायला लागले.

"स्वप्निलनं मले आज एक चांगली गोष्ट शिकवली. जोडावरचा टिळा म्हणजे सील. तीन नंबरचं सील शाबूत, म्हणून डिस्क पूजेच्या आधी निघाली, म्हणून चोर सपना. पण पूजेत तीन नंबरले सील लागलंच नाई! मग हे सील आलं कुठून? बाकीच्या टिळ्यात हळद हाय, अक्षता हायेत. याच्यात नुसतं कुंकू. काऊन? कारण पूजा झाल्याबरोबर बंडूजी हळद अन् अक्षता घेऊन काट्याच्या पूजेले खाली गेले. वर ताटलीत राह्यलं फक्त कुंकू. म्हणजे हा टिळा पूजेनंतर लागला, अन् सपना शुक्रवारी आली त्याच्या आधी."

"पण चोर टिळा काऊन लावन, साहेब?" अश्विननं विचारलं.

"तेच तर. दसऱ्याची दुपार. दुकान बंद. लाईन नाई, खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधार. चोरानं जिन्यातली चावी घेतली. त्याले तीन नंबरची डिस्क पाह्यजे होती, कारण आपल्या मशीनची खूण डब्यावर नको होती. टेबलं एकमेकाले खेटून. तीनपाशी हात घालाले त्यानं दोन नंबर बाजूले सरकवली, अन् तिचा टिळा बोटानं फिसकटला. तीनवरचं फूल कधी पडलं, ते त्याले कळलंच नाई. सोबत आणलेल्या लॅपटॉपवर डबा उतरवला, डिस्क परत बसवली. मंग बोटाकडं पाह्यलं तर बोट लाल. मशीनकडं पाह्यलं तर तीन नंबर कोरी. त्याले वाटलं, गेला! आपल्या हातून तीनचा टिळा पुसला गेला. म्हणून त्यानं ताटलीतलं कुंकू घेतलं, पाण्यानं ओलं केलं, अन् नवा टिळा लावून दिला."

प्रभाकरराव दारातल्या माणसांकडे वळले.

"ही चूक कोण करन? गजेंद्रभाऊ नाई, त्याइनंच तीन नंबर कोरी ठेवली. बंडूजी अन् अश्विन नाई, ते पूजेत उभे होते. सपना तर नाईच, ते स्वतःच्या मशीनले कुंकू लावणार नाई अन् लावलं असतं तरी त्याच्यानं तिचाच गळा आवळला गेला असता. चूक तोच करन, ज्यानं इथली एकही पूजा पाह्यली नाई. जो मागच्या दसऱ्यानंतर कामाले लागला अन् या दसऱ्याच्या पूजेले आला नाई. ज्याले वाटलं, पूजा म्हणजे सगळ्याच मशीनची."

सगळ्यांच्या नजरा स्वप्निलकडे वळल्या.

"मी आंजीले होतो!"

"होता. पण कधीपासून? तुझे वडील तानबाजी फोनवर भले माणूस वाटले. म्हणे, पोरगा दसऱ्याच्या दिवशी दिवेलागणीले घरी आला, ऑफिसात लय काम होतं म्हणे. अन् कुंकू ओलं केलं ना तू, तीच मोठी गडबड झाली. वाळलं तेव्हा बोटाच्या रेघा त्यात उमटल्या. विजेरीत साफ दिसतेत. आण तुझं बोट, लावून पाहू."

स्वप्निलनं उजवा हात पाठीमागं नेला. आणि तिथंच सगळं संपलं.

"मी विकला नाई तो डबा," तो म्हणाला. "एक पैसा घेतला नाई, साहेब."

"मग कशासाठी केलं?"

"तिकडं इंटरनेटवर जो सगळ्याइच्या आधी आणते, त्याले लोकं मानतेत. शुक्रवारी हजारो लोकाइनं मले धन्यवाद दिले. अमेरिकेतले, जपानमधले. इथं आंजीले, वर्ध्याले मले कोण वळखते?" तो रडायला लागला. "तीन नंबर एवढ्यासाठी, का सपना त्या दिवशी नागपूरले असते, तिच्यावर कोणी संशय घेणार नाई. तिच्यावर एवढं येईन असं वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं?" सपना पुढं आली. "टिळ्याचं तूच दाखवलं ना साहेबाइले? तुले नाव पाह्यजे होतं, म्हणून तू माझं घेतलं. माझ्या बाबांनी ते साऱ्या गावात फिरून कमावलं होतं, स्वप्निल."

प्रभाकररावांनी स्वप्निलला दंडाला धरून जिन्याजवळ बसवलं. बंडूजींनी खालून पाणी आणलं. गडबडीत त्यांनी पहिला पेला स्वप्निललाच दिला.

तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. लंडनचा होता. गजेंद्रनं संगणकावरची ती मेल उघडली आणि पुसून टाकली. फोन अजून वाजतच होता.

"सपना, मी तुला विचारायला पाहिजे होतं. नुसतं एकदा."

"मीही विचाराले पाह्यजे होतं, भाऊ." तिनं डोळे पुसले. "आता घ्या तो फोन. अन् काळ्या पडद्याचंही सांगा त्याइले. डबा तसाच विकाले काढला तर लोकं शिव्या देतीन."

"तूच सांग," गजेंद्र म्हणाला आणि त्यानं रिसीव्हर तिच्या हातात दिला.

तिनं रिसीव्हर कानाला लावला. मग नेहमी बसायची तशी खुर्ची ओढून बसली आणि इंग्रजीत म्हणाली, मी सपना थूल बोलते आहे, वर्ध्याहून.

प्रभाकरराव बाहेरच्या खोलीत आले. टेबलाखालचं वाळलेलं फूल त्यांनी अलगद उचललं. पुराव्यासाठी पिशवी आणायची राहूनच गेली होती. त्यांनी खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, झटकली, आणि फूल तिच्यात घालून वर गाठ मारली. त्या दिवशी त्यांचा हात पुन्हा खिशात गेला नाही.